लिंबोणीला घातलेलं पाणी

शाळेच्या रांजणाचं पाणी मी पहिली चार वर्षं एकदाही प्यालो नाही. प्याल्याचं सोंग मात्र रोज केलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शेवटच्या दुखण्यात उशाशी बसून होतो तेव्हा आईलाही नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या फादर पास्कोलना तर नाहीच. म्हातारपणी वसईला परतलेले फादर वारल्याचं पत्र तिथून यंदा माघात आलं. वाचून मी त्याची घडी घातली आणि पहिला विचार आला तो असा, की चला, हे माहीत असलेलं एक माणूस कमी झालं. त्या विचाराची माझी मलाच शरम वाटली. त्या शरमेपोटी लिहायला बसलो आहे.

चैत्र लागला आहे. कडूलिंबाच्या मोहराचा कडसर गोड वास सकाळपासून वर्गात भरून राहतो. कयाधूच्या कोरड्या पात्रात टरबुजाच्या वाड्या लागल्यात, खळ्यावरची ज्वारी घरात आली, कडब्याच्या गंजी रचून झाल्या. आमच्याकडे परीक्षेच्या दिवसांना त्यांचा म्हणून एक वास असतो. ओल्या पाटीचा, बोरूच्या शाईचा आणि नव्या कडब्याचा. दरसाल या दिवसांत चौथीची लेकरं झाडाझाडाखाली पाठ करीत डुलत बसलेली असायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, वारा सुटलाय.

यंदा शाळा बंद आहे. दिवस बरे नाहीत. बाळापूरचा रस्ता भरदिवसा ओस असतो, कित्येक घरांनी कुलपं लावून निजामाच्या हद्दीबाहेर, पैनगंगेपलीकडची वाट धरली आहे. नवे फादर नांदेडला अडकून पडलेत. किल्ली माझ्याकडे. मी रोज सकाळी जातो, तिन्ही खोल्या झाडतो आणि माझ्या जुन्या खुर्चीवर बसून राहतो. कोपऱ्यात रांजण पालथा घातलेला. खिडकीबाहेर लिंबोणी मात्र पानोपानी हिरवी, फळांनी वाकलेली. परीक्षा नाहीत हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

मी साखऱ्याकडचा, जमीनजुमला असलेल्या घरातला. घर मोठं, अभिमान त्याहून मोठा. निजाम सरकारच्या नोकरीसाठी उर्दू कच्ची पडली, म्हणून कळमनुरी-बाळापूर रस्त्यावरच्या या मिशनच्या शाळेत आलो. तीन खोल्या, एक विहीर, एक ठेंगणं चर्च, ज्याला गावची माणसं पाद्रीबाबाचं देऊळ म्हणत. आणि पाद्रीबाबा म्हणजे फादर पास्कोल, वसईच्या केळीच्या वाडीत वाढलेला, काळा, रुंद हाताचा माणूस. पांढऱ्या झग्याला नेहमी माती लागलेली. लोक म्हणायचे, हा पाद्री कसला, हा तर माळी.

त्यांनी मला ठेवून घेतलं त्या दिवशी एकच सवाल विचारला.

"मास्तर, लेकरू म्हणजे काय?"

मी ट्रेनिंगात पाठ केलेलं उत्तर टाकलं, "कोरी पाटी."

ते इतक्या मोठ्याने हसले की दारातलं कुत्रं उठून बसलं. "कोरी कशी असेल? ज्याने घडवली त्याने आधीच सही करून पाठवलीय. आपण फक्त धूळ पुसायची. आणि सही दिसली की जरा अदबीने उभं राहायचं."

माणूस देवाच्या प्रतिमेत घडला आहे, एकूण एक माणूस, ही त्यांच्या धर्माची समजूत. माझ्या कानाला ती अगदीच नवी नव्हती. घटाघटात देव आहे असं आम्हीही पिढ्यान् पिढ्या भजनात म्हणत आलो होतो. पण भजन संपलं की आम्ही टाळ खुंटीला अडकवून घरी जायचो. फादरनी ती समजूत शाळेच्या वेळापत्रकात बसवली होती.

सकाळी हजेरी घेताना कोणालाही गावातल्या हाकेने हाक मारायची नाही. गावात जो नुसता 'ए' होता, त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं सगळं पुकारलं जायचं, आणि तो 'हजर' म्हणेपर्यंत फादर पुढच्या नावाला हात घालायचे नाहीत. प्रार्थनेला बसायचं की पटांगणात खेळायचं, हे हिंदू आणि मुसलमान लेकरांनी आपापलं ठरवायचं. एकदा मी उत्साहाने चार पोरांना हाताला धरून प्रार्थनेला आणून बसवलं, तर फादरनीच त्यांना बाहेर सोडलं. मला म्हणाले, "ओढून आणलेलं लेकरू देवाला नको असतं, मास्तर. त्याने आत यायचं की नाही ते विचारायला देवसुद्धा दाराशी उभा राहतो. तुम्ही कोण मोठे लागून गेलात?" कोणाच्या पायात काटा मोडला असेल तर गणित थांबायचं. फादर मांडी घालून, पाय मांडीवर घेऊन काटा काढत बसायचे. "काटा रुतलेल्या पायाला त्रैराशिक कळत नाही," म्हणायचे. ते पाय कोणकोणत्या घरचे असायचे हे मी बघत होतो. बघत कसला, मनात नोंदून ठेवत होतो.

वर्षअखेरीला हजेरीबुकात शेऱ्याचा रकाना भरायचा असे. दुसऱ्या शाळांत तिथे 'हुशार', 'मध्यम', 'ढ' एवढे तीन शब्द पुरतात. फादरना ते चालत नव्हतं. प्रत्येक लेकरापुढे, त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाला जमत नाही अशी एक गोष्ट लिहायची. 'भांडण लागलं की याला मधे उभं करावं.' 'ढग बघून बराबर सांगतो.' 'करीमचं अक्षर बापाने पिंजलेल्या कापसासारखं मोकळं आहे.' पहिल्या वर्षी मला वाटलं, हा नसता ताप. दुसऱ्या वर्षापासून मी वर्षभर लेकरांकडे बघायला लागलो, कारण चैत्रात लिहायला काही हवं. मला जी काही मास्तरकी आली ती त्या रकान्यातून आली. एवढं कबूल करायला मला कसलीच अडचण नाही.

अडचण रांजणाची होती.

शाळेत रांजण एकच. तो भरायची आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांना पाणी द्यायची बारी आठवड्याने बदलायची, हजेरीबुकातल्या नावांच्या क्रमाने. कोणाला सूट नाही. यादीच्या शेवटी माझं नाव आणि त्याखाली फादर पास्कोलचं. फादरच्या आठवड्यात लेकरांची चंगळ असे. झगा कमरेला खोचून ते पोहरा ओढायचे आणि पोरं रांजणात डोकावून तपासणी करायची.

"फादर, अर्धाच भरला की!"

"अरे, म्हातारा माणूस मी. चालवून घ्या."

"बारी म्हंजी बारी. चला, अजून चार पोहरे!"

माझ्या आठवड्यात मीही पाणी द्यायचो. मांगवाड्यातल्या, महारवाड्यातल्या, पिंजाऱ्याच्या, कुणब्याच्या लेकरांना रांगेने. फादर ओसरीवरून बघायचे, आणि एकदा त्यांनी बाहेरगावच्या एका फादरना माझ्याकडे बोट करून म्हटलं, "हे आमचे मास्तर. मोठ्या घरचे आहेत, पण बघा." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

खरी गोष्ट ही, की देणं मला कधीच जड गेलं नाही. आमच्या घराने कायम दिलंच होतं. उन्हाळ्यात वाटसरूला पाणी, सुगीत बलुत्याला धान्य, सगळं वरून, हात न लागता. देणारा हात वरच राहतो. देण्यात आपलं काही जात नाही. माणसाला माणूस मानलं की नाही ते त्याच्याकडून काय घेतलं यावरून कळतं. हे मला कोणी शिकवलेलं नाही. हे मी चुकून शिकलो.

माझी युक्ती साधी होती. घरून पिशवीत फडक्यात गुंडाळलेला पितळी चंबू आणायचो आणि शाळा भरण्याआधी, शाळा सुटल्यावर त्यातलं प्यायचो. मधल्या सुट्टीत बारीचं लेकरू तांब्या घेऊन आलं की तो घ्यायचा, खिडकीकडे तोंड करायचं, मान वर करून धार धरल्यासारखं करायचं आणि लेकरू वळलं की पाणी खिडकीबाहेर. मोठ्या घरची माणसं पिताना पाठ करतात, एवढंच पोरांना वाटायचं. खिडकीखाली लिंबोणीचं रोप होतं. ज्या मातीत दुसरं काही टिकत नव्हतं तिथे ते चार वर्षांत खिडकीच्या वर गेलं.

आणि त्याच वर्गात मी शिकवायचो की माणसामाणसांत देवाचं रूप आहे. चांगलं शिकवायचो. लेकरं ऐकत राहायची.

गंगू तेव्हा चौथीत होती. जगभरची ती मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या उन्हाळ्याची गोष्ट. तिचा बाप सटवा मांगवाड्यात अंबाडीचे दोर वळायचा. आमच्या घरचे नाडे त्याच्याच हातचे, दिवाळीला लक्ष्मी म्हणून पुजायची केरसुणी त्याच्याच बायकोच्या हातची, आणि शाळेच्या विहिरीचा दोरसुद्धा त्याचाच. गंगू बाराएक वर्षांची असेल, उशिरा शाळेत आलेली. उंच, हडकुळी. हिशेब तोंडी करायची आणि उत्तर आधी सांगून मग रीत मांडायची. मी विचारायचो, "रीत कुठाय?" तर म्हणायची, "उत्तर बराबर हाय ना मास्तर? रीत मागून येऊन राहिली."

तिच्या वाड्यातली चौथीच्या परीक्षेला बसणारी ती पहिली मुलगी. परीक्षा कळमनुरीला असायची. ही बातमी फिरत फिरत एका बड्या देशमुखांपर्यंत गेली आणि ते घोड्यावरून शाळेत आले. फादरनी त्यांना माझी खुर्ची दिली.

"पाद्रीबाबा, बरं चाललंय तुमचं. पण ही सटव्याची पोर शिकून काय तहसीलदार व्हनार हाय?"

"झाली तर सलाम करावा लागेल तुम्हाला," फादर म्हणाले.

देशमुख हसले. "आन् न्हाई झाली तर?"

"तरी गंगूच राहील. तिचं मोल आधीच ठरून आलंय, देशमुख. पास झाली म्हणून वाढणार नाही, नापास झाली म्हणून घटणार नाही. उपयोग आपण बैलाचा बघतो. लेकराचा उपयोग बघायला लागलो की शाळेचा बाजार होतो."

"मंग शिकवता काहून?"

"ती आहे म्हणून."

देशमुखांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या घराशी त्यांचं येणंजाणं. "काय मास्तर, तुमाला पटतंय का हे?"

"पटतं," मी म्हणालो. माझा चंबू मी बसलो होतो त्या बाकाखालीच पिशवीत होता.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात रांजणाची बारी गंगूकडे आली. ऊन असं की दुपारी पाखरूही हलत नव्हतं. मधल्या सुट्टीत तिने सगळ्यांना पाणी दिलं, शेवटी मला आणून दिलं. मी तांब्या घेतला आणि खिडकीकडे वळलो. तिची पावलं बाहेर गेलेली ऐकली, थोडा थांबलो आणि तांब्या ओतला.

ती खिडकीखालीच होती. लिंबोणीच्या सावलीत पाटी घेऊन बसली होती, सुट्टीचा वेळ वाया जाऊ नये म्हणून. तिने दिलेलं पाणी तिच्याच पाटीवर पडलं. मांडलेलं गणित ओघळून गेलं. तिने वर बघितलं. मी खाली बघत होतो. हातात रिकामा तांब्या, ओठ कोरडे.

"पानी खराब व्हतं का, मास्तर?" तिने विचारलं.

खरंच विचारलं. त्यात टोचणी नव्हती, तोवर तरी नव्हती. मला एका शब्दाने खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "हो. कचरा होता त्यात."

ती पळत गेली. मी खिडकीतून बघत राहिलो. तिने रांजण आडवा केला, सगळं पाणी ओतून दिलं, नारळाच्या काथ्याने आतून घासला. भर उन्हात, बापाने वळलेल्या दोराने पोहऱ्यामागून पोहरा ओढला. रांजणाच्या तोंडाला फडकं दुहेरी बांधून पाणी गाळून भरलं. तांब्या राखेने घासून आणला. सुट्टी संपून गेली होती, तिचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. वर्ग भरलेला, चाळीस लेकरं बघतायत, आणि गंगू माझ्यापुढे तांब्या धरून उभी.

"आता बघा मास्तर. निवळशंख हाय."

"ठेव तिथं," मी म्हणालो.

ती हलली नाही. पाण्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी फळ्याकडे वळलो. "ठेव म्हटलं ना? जा, बस जाग्यावर."

तांब्या टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मागे वळलो तेव्हा ती जागेवर बसली होती आणि कोरडी पाटी फडक्याने पुसत होती. पुसून झाली तरी पुसत होती.

दुसऱ्या दिवशी हजेरीला तिचं पूर्ण नाव पुकारलं गेलं आणि कोणी 'हजर' म्हणालं नाही. फादर थांबले. परत पुकारलं. मग मला विचारलं, "मास्तर, गंगू का नाही आली?"

"सुगीचं काम असेल घरी," मी म्हणालो. खळी उलगून पंधरा दिवस झाले होते. वर्गातल्या चाळीस लेकरांना खरं काय ते माहीत होतं. एकही बोललं नाही. माझी अब्रू त्या लेकरांनी राखली.

फादर तीन दिवस लागोपाठ मांगवाड्यात गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले तेव्हा विहिरीच्या काठावर बराच वेळ बसून होते.  परीक्षेच्या सकाळी नेहमीसारखं केलं. कळमनुरीची वाट उन्हाची म्हणून जाणाऱ्या प्रत्येक लेकराच्या हाती एक लिंबू द्यायची त्यांची रीत होती, चक्कर आली तर हुंगायला, तहान लागली तर चोखायला. लिंबं त्याच झाडाची. सहा लेकरं जाणार होती, फादरनी सात लिंबं तोडली. सातवं माझ्या टेबलावर ठेवून ते लेकरांबरोबर चालू लागले. ते लिंबू कोणी उचललं नाही. पिवळं झालं, मग तपकिरी, मग खडकासारखं. मी रोज त्याच्यासमोर बसून शिकवलं.

त्या वर्षी शेऱ्याच्या रकान्यात गंगूच्या नावापुढे मी लिहिलं, 'घरकामामुळे परीक्षेस गैरहजर.' ते हजेरीबुक आत्ता माझ्यासमोर उघडं आहे. अक्षर सुरेख आहे.

शाळेला सुट्टी लागायच्या दिवशी दुपारी फादर खिडकीखाली उकिडवे बसलेले दिसले. मी बाहेर गेलो. त्यांनी लिंबोणीच्या बुडाशी बोट खुपसलं, माती काढून चिमटीत चुरडली.

"मास्तर, मी वाडीवाल्याचा मुलगा. झाड कुठल्या पाण्यावर आहे ते मला मातीवरून कळतं. याला कोणी तरी रोज भर दुपारी पाणी घालतं. शहाणा माणूस दुपारी पाणी घालत नाही, मुळं उकडतात. हे चिवट निघालं, म्हणून जगलं."

मी वर खिडकीकडे बघितलं.

"गंगूने मला काही सांगितलं नाही," ते म्हणाले. "मी विचारलं, का येत नाहीस? तर म्हणाली, आमच्या हाताला काय तरी लागलेलं हाय फादर, धुतल्यानं जात न्हाई. एवढंच. तुमचं नाव घेतलं नाही तिने."

मला वाटलं, आता ते मला काढून टाकतील. खरं सांगतो, मला तेच हवं होतं. हाकलला गेलो असतो तर घरी जाऊन रागावता आलं असतं. ते उठले, हाताची माती झटकली.

"मी तुम्हाला त्या रांजणाचं पाणी प्या म्हणून सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही प्याल. माझ्या शब्दाखातर प्याल, नोकरीखातर प्याल. तसं प्यालेलं पाणी घशाखाली जातं, पण आत जात नाही. मुलांना प्रार्थनेला ओढायचं नाही म्हणतो, मग तुम्हाला कसा ओढू? तुमच्यावरही सही आहेच, मास्तर."

आणि ते चर्चकडे निघून गेले. त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही. नोकरी राहिली, खुर्ची राहिली, हजेरीबुकही माझ्याच हाती. पुढच्या जूनमध्ये पाहुण्यांपुढे 'हे आमचे मास्तर' म्हणाले, त्याच आवाजात. त्या माणसाचा मोठेपणा मी शब्दांत मांडायला लागलो की मला तो आवाज आठवतो. गंगूकडे ज्या डोळ्यांनी बघायचे त्याच डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिले, सगळं ठाऊक असताना. मला गंगूच्या बरोबरीला बसवलं. माझ्या घराण्याच्या हिशेबाने तो अपमान होता. आज वाटतं, इतका मान मला दुसऱ्या कोणी दिलेला नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बारी महारवाड्यातल्या एका पोराची होती. त्याने तांब्या आणला. मी पाठ केली नाही. वर्गाकडे तोंड करून प्यालो. घसा ओला झाला. आणखी काहीच झालं नाही. जमीन हलली नाही, पितर उठले नाहीत. ज्याच्यापायी चार वर्षं सोंग केलं ती गोष्ट इतकी साधी होती की मला रडू यायचं ते थोडक्यात राहिलं. पोर म्हणालं, "अजून देऊ का?" मी म्हटलं, "दे." त्या दिवसापासून रोज प्यालो, कोणाच्याही हातचं. चंबू घरी ठेवून आलो.

मला वाटलं, फिटलं. तसं मी आडवळणाने फादरना विचारलंही, एकाचं देणं दुसऱ्याला दिलं तर चालतं का म्हणून. ते वाफ्यात काम करत होते. मान वर न करता म्हणाले, "धान्याचं चालतं. माणसाचं नाही. माणूस सुटा नसतो मास्तर, की हा नाही तर तो. देवाने एकेक वेगळा घडवलाय, म्हणून तर एकाची बाकी दुसऱ्याकडे भरता येत नाही."

शनिवारी त्यांच्या धर्माची माणसं चर्चमध्ये एका जाळीच्या झरोक्यापाशी गुडघे टेकून आपली पापं पुटपुटायची. मी शाळेच्या ओसरीवरून बघायचो. जाताना वाकलेली असायची, येताना जरा सरळ. हेवा वाटायचा. त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्याने एकदा माझी समजूत काढली, "तितं सांगून सुटका हाय मास्तर, पण कुनाचं काय घेतलं असंल तर ते परत करावंच लागतं. फादर त्याला माफी देत न्हाईत, त्याचा पत्ता देतात." मला पत्ता माहीत होता. मांगवाडा शाळेपासून हाकेच्या अंतरावर होता. मी गेलो नाही. पुढच्या माघात गंगूचं लग्न होऊन ती पैनगंगेपलीकडे गेली.

गेल्या वर्षी, शाळा चालू होती तेव्हाची गोष्ट. नवी नावं घालायचे दिवस. दारात एक बाई उभी राहिली, डोक्यावर पदर, हाताशी पाचसहा वर्षांचं पोरगं. मी मान वर केली आणि ओळखलं. ती उंची, ते डोळे.

"लेकीचं नाव घालायचं हाय, मास्तर." त्या पोरग्याला पुढे केलं, केस बारीक कापलेले होते म्हणून मला मुलगा वाटला होता. "हिचा बाप आता हितंच कामाला लागलाय. म्या म्हनलं, घालायची तर ह्याच शाळेत."

मी नाव लिहिलं, बापाचं, आडनाव. शाईचा ठिपका पडला. गंगू खिडकीबाहेर बघत होती.

"लिंबोणी लई वाढली की."

"हो," मी म्हणालो.

"त्या झाडाला पानी मानवलं, मास्तर."

हसून म्हणाली. तिने दार उघडून दिलं होतं. मी फक्त आत पाऊल टाकायचं होतं, एक वाक्य बोलायचं होतं. आणि मी काय केलं? पुन्हा तिच्याकडेच मागितलं. म्हणालो, "गंगू, एक तांब्या पाणी दे."

तिने रांजणाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. राग नव्हता त्यात, आणि दयाही नव्हती.

"आता माझी बारी न्हाई, मास्तर," ती म्हणाली. "रजिस्टरात बघा, कुनाची हाय ती."

आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेली. पोरगी जाता जाता रांजणाकडे वळली, स्वतःच्या हाताने तांब्या बुडवून पोटभर प्याली आणि उरलेलं पाणी खिडकीतून लिंबोणीला टाकलं. लेकरं टाकतात तसं.

मला महिनाभर ते वाक्य लागून राहिलं. मग हळूहळू उमजलं की तिने बरोबर केलं. मी मोकळा व्हावा म्हणून पाणी द्यायला ती काही माझ्या उपयोगाची वस्तू नव्हती. फादर देशमुखांना जे म्हणाले होते ते मला आठ वर्षांनी समजलं, तेही जिच्या बाबतीत ते बोलले होते तिच्याकडून. शिकवायला मी बसलो होतो, शाळा मात्र तिची झाली होती.

यंदा फाल्गुनात त्यांचं घरही कुलूप लावून गेलं. कुठे गेली ते माहीत नाही. पलीकडे, एवढंच लोक सांगतात. रस्ते उघडले, शाळा उघडली, ती परत आली, तर लेकीला सोडायला याच दारात येईल. मी रांजण घासून ठेवला आहे. हजेरीबुकातला तो शेरा आज खोडला आणि त्याखाली खरं लिहिलं: 'उत्तर आधी काढते, रीत मागून येते. मास्तरांनी खोटं बोलून हिची परीक्षा बुडवली.' सही केली.

पण ते कागदावर झालं. तिच्याकडे मागण्यासारखं आता माझं काहीही नाही. तिचं माझ्याकडे आहे. त्या चाळीस लेकरांपैकी जेवढी सापडतील तेवढ्यांच्या देखत मला तिला सांगायचं राहिलं आहे, की त्या दिवशीचं पाणी स्वच्छ होतं. दोन्ही वेळचं.